शिक्क्याची तारीख

डहीतल्या एखाद्या मुलीनं सीए व्हायचं ठरवलं, तर तिच्याआधी तिचे कागद प्रवासाला निघतात. डही हे धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, नर्मदेच्या अलीकडे वसलेलं विकासखंडाचं गाव. भिल्ल-भिलाल्यांचा मुलूख, शेतात कापूस, मका, मिरची, आणि मोठ्या खरेदीला कुक्षी. पश्चिमेला अलीराजपूर ओलांडलं की गुजरात लागतो. नर्मदेपलीकडे बडवानीचे डोंगर चढून उतरलं की महाराष्ट्र. या दोन्ही राज्यांतल्या सीए विद्यार्थ्यांचा कारभार मुंबईच्या पश्चिम विभागीय परिषदेकडे असतो. डहीचा मात्र कानपूरकडे, कारण इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सच्या नकाशात मध्य प्रदेश मध्य विभागात पडतो आणि त्या विभागाची कचेरी उत्तर प्रदेशात आहे. हल्ली सगळं पोर्टलवर भरायचं असतं, टपाल जात नाही, हे खरं. पण अर्ज अडला की तो कुठे अडला हे विचारायला शेवटी कुठल्या तरी गावाचं नाव घ्यावंच लागतं.

‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो आणि तिथेच सोडून देतो. मला या प्रकरणात त्या सहा महिन्यांची फोड करायची आहे. ते एका टेबलावर, एका कारकुनाच्या आळसात जातात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यातला बराच काळ अर्ज करण्याआधीच आपल्या कागदांत मुरलेला असतो, आणि उरलेला दोन घड्याळांच्या मधे सापडतो. एक घड्याळ अर्जदाराचं. ते नियमांत दिवसांनिशी लिहिलेलं असतं. दुसरं कचेरीचं. ते बहुधा भिंतीवर असतं.

सीएचा परवाना हा तसा अलीकडचा प्रकार. मराठी राज्याच्या दफ्तरात फडणीस, मजुमदार, पोतनीस असे हिशेबाचे एकाहून एक जाणकार होते. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द त्यांच्याच मोडी वह्यांतून आपल्याकडे आले, आणि ‘बॅलन्स शीट’ला मराठीत आजही ताळेबंदच म्हणतात. पण फडणिशी मिळायची ती धन्याच्या मर्जीनं किंवा वतनानं. परीक्षा, नोंदणी, परवाना असलं काही नव्हतं. धारला आणि देवासला पवारांची राज्यं बसली तेव्हा ही दफ्तरपद्धत त्यांच्याबरोबर माळव्यात आली.

देवासचं तर विचारूच नका. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं. दोन दरबार, दोन खजिने, दोन दफ्तरं. 1921 साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांचा खाजगी सचिव होता. पुढे 1953 साली त्यानं ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात तिथली पत्रं छापली. महाराजांवर त्याचा जीव होता, पण त्या पत्रांतला पैशाचा कारभार वाचून कोणाही हिशेबनिसाला घाम फुटेल. शेवटी कर्ज आणि चौकशी अशा दोन्ही बाजूंनी कोंडी झाल्यावर महाराज 1933 च्या अखेरीस पाँडिचेरीला, फ्रेंच हद्दीत निघून गेले आणि 1937 साली तिथेच वारले. दरबारचे हिशेब दरबारचाच माणूस तपासणार असेल तर काय होतं, याचं इतकं जवळचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ताळेबंदावर सही करणारा माणूस धन्याच्या ताटाखालचा नसावा, एवढ्या एका गरजेतून हा परवाना जन्माला आला.

ब्रिटिश हिंदुस्थानात ती गरज कंपनी कायद्यानं मान्य केली. 1913 च्या कायद्यानं कंपन्यांच्या हिशेबतपासनिसाला सरकारी प्रमाणपत्र सक्तीचं केलं. मुंबई सरकारनं 1918 मध्ये गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी, म्हणजे जी.डी.ए., सुरू केला. परीक्षा, आणि मान्यताप्राप्त हिशेबनिसाकडे तीन वर्षांची उमेदवारी. 1932 च्या ऑडिटर्स सर्टिफिकेट्स रूल्सनी ही नोंदणी प्रांतांकडून मध्यवर्ती सरकारकडे गेली आणि नोंदलेले लोक नावापुढे ‘आर.ए.’ म्हणजे रजिस्टर्ड अकाउंटंट लावू लागले. मग चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा आला, आणि 1 जुलै 1949 पासून इन्स्टिट्यूट उभी राहिली. गोपाळदास कापडिया पहिले अध्यक्ष.

या कायद्याच्या चौथ्या कलमात धार-देवासच्या माणसासाठी एक खिडकी आहे. सदस्य म्हणून कोणाचं नाव नोंदवता येईल याची यादी देताना कायदा म्हणतो की, भाग ‘ब’ राज्यात जो कोणी कायदा लागू होताना हिशेबाचा व्यवसाय करत असेल आणि ज्याच्याकडे 1932 च्या नियमांप्रमाणे पात्रता नसेल, तोही केंद्र सरकार ठरवील त्या अटी पूर्ण केल्यास आत येऊ शकतो. भाग ‘ब’ राज्यं म्हणजे काही जुनी मोठी संस्थानं आणि बाकीच्या संस्थानांचे संघ. धार आणि देवासच्या दोन्ही पात्या 28 मे 1948 ला स्थापन झालेल्या मध्य भारतात विलीन झाल्या होत्या, म्हणजे ही तरतूद त्यांनाही लागू होती.

कागदावर हे उदारच. पण त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुम्ही वीस वर्षं व्यापाऱ्यांच्या वह्या तपासता आहात. कायदा विचारतो, अमुक तारखेला तुम्ही व्यवसायात होतात याचा दाखला काय? ज्या दरबारानं तो दाखला द्यायचा तो दरबार वर्षापूर्वीच मिटलेला. नव्या राज्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. आणि 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य भारतही मध्य प्रदेशात विरघळून गेला, भाग ‘ब’ ही वर्गवारीच राज्यघटनेतून निघाली. हिशेब येतो की नाही हा प्रश्न बाजूलाच राहिला. प्रश्न एका तारखेचा होता, आणि ती सिद्ध करणारा शिक्का कोणाकडे उरला आहे याचा.

आजच्या डहीच्या मुलीकडे वळू. तिच्या रस्त्यावर तारखा पावलापावलाला आहेत. फाउंडेशनसाठी नोंदणीनंतर चार महिने अभ्यासाचे, इंटरमीडिएटसाठी आठ महिने. हे महिने कट-ऑफ तारखेपासून मोजतात. आता परीक्षा वर्षातून तीनदा होतात. फाउंडेशन आणि इंटर 2024 पासून, फायनल 2025 पासून. त्यामुळे एक अटेम्प्ट हुकला तर पूर्वीसारखे सहा महिने जात नाहीत, चारावर भागतं. तरी एका दिवसाच्या उशिराचे चार महिने होतात हे गणित शिल्लक राहतंच. दहावीची गुणपत्रिका अस्पष्ट स्कॅन झाली, पोर्टलनं ती परत पाठवली, मुलीनं तो ईमेल दोन दिवसांनी पाहिला, आणि मधल्या काळात कट-ऑफ उलटली. यात कोणीच आळस केलेला नाही.

मग आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी. 2023 च्या नव्या अभ्यासक्रमापासून ती तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली. ती सुरू करण्याआधी आयसीआयटीएसएस नावाचं प्रशिक्षण: पंधरा दिवस ओरिएंटेशनचे, पंधरा संगणकाचे. ते शाखेत होतं, आणि डहीच्या मुलीला जवळची मोठी शाखा इंदूरची. बॅचमध्ये जागा मिळेपर्यंत थांबायचं, आणि तोवर ज्या ऑफिसात जागा बोलून ठेवली तिथला प्रिन्सिपल, म्हणजे ज्याच्या हाताखाली शिकायचं तो सीए, थांबेल की नाही याचा घोर. (धारकरांना वाट पाहायची सवय आहे म्हणा. इंदूर-दाहोद रेल्वेचा पायाचा दगड 2008 साली झाबुआत बसवला गेला. त्या साली जन्मलेली मुलं आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहेत.)

रुजू झाल्यावर करारनामा स्टॅम्पपेपरवर, फॉर्म 102. नोंदणीचा फॉर्म 103 रुजू झाल्यापासून तीस दिवसांत गेला पाहिजे. उशीर झाला तर क्षमापन शुल्क, आणि फारच उशीर झाला तर मधले दिवस उमेदवारीत धरले जातील की नाही ही टांगती तलवार. इथे सही प्रिन्सिपलची लागते. आर्टिकल करणाऱ्या मुलांना विचारा. निम्म्या गोष्टी या सहीच्या असतात. साहेब ऑडिटला बाहेरगावी, साहेबांचा ओटीपी येत नाही, साहेब म्हणतात ‘उद्या करू’. कायद्याच्या दृष्टीनं उशीर विद्यार्थ्याचा. शेवटी फॉर्म 108 म्हणजे सेवा पूर्ण झाल्याचा दाखला, त्यालाही तीच सही. रजा मंजुरीपेक्षा जास्त झाल्या असतील तर ते दिवस भरून द्यावे लागतात आणि 108 पुढे जातो. मुलं रजेचा हिशेब डोक्यात ठेवतात, वहीत ठेवत नाहीत. हिशेब शिकायला आलेल्या मुलांची ही तऱ्हा.

पण सगळ्यात जास्त दिवस कशात जातात ते सांगू का? नावात.

महाराष्ट्र बोर्ड गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. भोपाळचं माध्यमिक शिक्षा मंडळ विद्यार्थ्याचं नाव एका ओळीत आणि आईवडिलांची नावं वेगळ्या ओळींत. पॅन कार्डाला आद्याक्षरं चालत नाहीत, पूर्ण नाव लागतं. आधारवर शाळेच्या दाखल्यावरचं नाव आलेलं असतं, किंवा घरात हाक मारायचं, किंवा शिबिरातल्या ऑपरेटरला ऐकू आलं ते. माळव्यातल्या मराठी घरांत तर मजाच. आजोबा कागदावर ‘विनायकराव’, वडिलांच्या दाखल्यावर नुसतं ‘विनायक’. मुलीच्या शाळेच्या रजिस्टरात नावाआधी ‘कु.’, आणि कधी ते ‘कुमारी’ होऊन नावाचाच भाग बनून बसलेलं. डहीच्या आदिवासी घरातल्या मुलीच्या नावाला ‘बाई’ जोडलेलं, पुढच्या कागदावर ते गळलेलं.

आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग हा आणखी एक खड्डा. धार-देवासच्या राजघराण्याचंच पाहा. मराठीत पवार. इंग्रजी कागदपत्रांत पुआर, पोवार, पवार, पोन्वार अशी चारचार रूपं सापडतात, आणि हिंदीत पंवार आणि परमार ही भावंडं शेजारीच. राजाला चार स्पेलिंगांनी फरक पडत नव्हता. पोर्टलला पडतो. पोर्टल माणसं ओळखत नाही, अक्षरं जुळवतं. एक ‘ए’ जास्त असला की अर्ज ‘त्रुटी’त जातो, आणि त्रुटीत गेलेला अर्ज रांगेत पुन्हा शेवटी उभा राहतो.

मराठी बाईचं याहून कठीण. लग्नानंतर तिचं आडनाव तर बदलतंच, पण मधलं नावही बदलतं; वडिलांच्या जागी नवरा येतो. तीन शब्दांच्या नावातले दोन शब्द एका दिवसात नवे. आर्टिकलशिपमध्ये किंवा फायनलच्या अभ्यासात असताना लग्न झालेल्या मुलीचे अर्धे कागद एका नावाचे, अर्धे दुसऱ्याचे. मग विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली घोषणा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं आणि जन्मतारीख एकदाच, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून माझा सल्ला जरा रुक्ष आहे: नाव बदलायचं असेल तर परवाना हातात आल्यावर बदला, आणि बदलायचं नसेल तर सासरी आधीच तसं स्पष्ट सांगा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव हे खुंटी समजा. बाकीचे सगळे कागद त्या खुंटीला आणून टांगा. गुणपत्रिकेतच चूक असेल तर ती अकरावीतच दुरुस्त करून घ्या. तेव्हा शाळेचे मुख्याध्यापक तुम्हाला ओळखतात. दहा वर्षांनी ते निवृत्त झालेले असतात आणि शाळेतला लिपिक तुम्हालाच विचारतो, तुम्ही कोण?

आता दुसऱ्या घड्याळाबद्दल.

गंमत अशी, की कचेरीला घड्याळ बांधण्याचा देशातला पहिला कायदा डहीच्याच राज्यानं केला. मध्य प्रदेश लोक सेवाओं के प्रदान की गारंटी अधिनियम, 2010. त्या कायद्याखाली अधिसूचित सेवांना, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, स्थानिक रहिवासी असल्याचा दाखला, शिधापत्रिका अशांना दिवसांची मुदत ठरलेली आहे. अर्ज दिला की लोकसेवा केंद्रातून पावती मिळते. मुदत उलटली तर अपील, आणि दोष सिद्ध झाला तर उशिराच्या दर दिवसामागे 250 रुपये दंड, जास्तीत जास्त 5000, तोही अधिकाऱ्याच्या खिशातून. आणि ही रक्कम भरपाई म्हणून अर्जदाराला देता येते. पाठोपाठ बिहारनं, दिल्लीनं असे कायदे केले. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम 2015 चा.

म्हणजे डहीच्या मुलीला जातीचा दाखला उशिरा मिळाला तर तहसिलातला माणूस दंड भरेल. पण तिला व्यवसायाचं प्रमाणपत्र उशिरा मिळालं, तर? इन्स्टिट्यूट संसदेच्या कायद्यानं बनलेली संस्था आहे. राज्याचा कायदा तिथे पोचत नाही. केंद्रानं असा कायदा आणायचा प्रयत्न केला होता. 2011 मध्ये लोकसभेत विधेयक मांडलं गेलं, आणि 2014 मध्ये पंधरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते व्यपगत झालं. जितका मोठा परवाना तितकं सैल घड्याळ, असा हा उलटा प्रकार आहे. गावच्या दाखल्याला दिवस मोजून मिळतात. देशभर चालणाऱ्या सहीला मिळत नाहीत.

मग हातात काय उरतं? बरंच काही, फक्त क्रम कळायला हवा. आधी संस्थेची स्वतःची तक्रार-खिडकी, ई-सहायता. तिथे तक्रार नोंदवल्याचा क्रमांक मिळतो आणि पुढे कुठेही जायचं असलं तरी तो क्रमांक लागतो. मग माहितीचा अधिकार. इन्स्टिट्यूट हे त्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. पण प्रश्न कसा विचारता याला महत्त्व आहे. ‘माझ्या अर्जाला उशीर का झाला?’ असं विचारलं तर उत्तर येईल की कारणं सांगणं ही माहिती नव्हे. ‘माझा अमुक क्रमांकाचा अर्ज अमुक तारखेपासून आजवर कोणत्या टप्प्यावर, कोणत्या तारखांना होता, त्या नोंदीची प्रत द्या’ असं विचारलं तर ती माहिती आहे, आणि ती द्यावी लागते. पुष्कळदा प्रत येत नाही, त्याआधी प्रमाणपत्रच येतं. माहिती अधिकाराचा हा दुष्परिणाम मला फार आवडतो.

त्यापुढे केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल, सीपीग्राम्स. इन्स्टिट्यूटचा संबंध कंपनी व्यवहार मंत्रालयाशी येतो म्हणून तक्रार त्या मंत्रालयाच्या नावे टाकायची. 2024 पासून तिथे निवारणाची मुदत एकवीस दिवसांची केली आहे. आणि शेवटचा दरवाजा उच्च न्यायालयाचा. धारला इंदूर खंडपीठ. कायद्यानं जे करायलाच हवं ते करा, असा आदेश न्यायालय अनुच्छेद 226 खाली देऊ शकतं. पण तिथवर जाणाऱ्यानं मनाशी हिशेब करावा: वकिलाची फी किती आणि मधल्या काळात बुडणारी मिळकत किती. हिशेबनिसाला हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

एक गोष्ट मी स्वतः ठेच लागून शिकलो. एका कचेरीत मी कागद दिले, लिपिक भला होता, ‘ठेवा, करतो’ म्हणाला. मी पोच मागितली नाही. मागणं अविश्वासाचं वाटलं. दोन महिन्यांनी त्याची बदली झालेली आणि आवक रजिस्टरात माझ्या नावाची ओळच नाही. नव्या लिपिकानं तेच कागद घेतले, शिक्का मारला, आणि माझा अर्ज त्या दिवशी जन्माला आला. तेव्हापासून मी पोच मागतो, आणि समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आधी चहाचं विचारतो. पोर्टलवर चहा लागत नाही. पण स्क्रीनचा फोटो लागतो; तारीख आणि अर्जक्रमांक दिसेल असा.

हे सगळं लिहिताना एक कबुली द्यायला हवी. या परवान्यातला प्रत्येक उशीर वाईट नाही. सीएची सही बघून बँक कर्ज देते, आयकर खातं ताळेबंद स्वीकारतं, कुक्षीचा एखादा कापूस व्यापारी भागीदाराला हिस्सा मोजून देतो. खोट्या सह्या करणारेही होतेच, इतके की 2019 पासून टप्प्याटप्प्यानं प्रत्येक प्रमाणपत्राला आणि ऑडिट अहवालाला अठरा आकडी यूडीआयएन सक्तीचा झाला. तो आकडा टाकून कोणीही सही खरी की खोटी ते पडताळू शकतो. अर्जदाराची परीक्षा, उमेदवारी, ओळख नीट तपासण्यात पंधरा दिवस गेले तर ते मी खुशीनं देईन. मला राग येतो तो कोणीच काही तपासत नसताना नुसत्या पडून राहिलेल्या दिवसांचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, स्क्रीनवर ‘प्रक्रियेत’ एवढंच येतं, आणि म्हणूनच टप्प्यांच्या तारखा मागायच्या.

आणि तिसराही एक उशीर असतो, जिथे कचेरीला परवाना द्यायचाच नसतो. लंडनच्या मेरी हॅरिस स्मिथ यांचा जन्म 1844 चा. स्वतःचा हिशेबाचा व्यवसाय चालवणाऱ्या या बाईंनी 1891 साली इंग्लंड आणि वेल्सच्या इन्स्टिट्यूटकडे सदस्यत्वासाठी अर्ज केला. उत्तर आलं, सनदेत स्त्रियांची तरतूद नाही. त्या काम करत राहिल्या, पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहिल्या. 1919 मध्ये ब्रिटिश संसदेनं स्त्रियांवरची व्यवसायबंदी उठवणारा कायदा केला आणि मे 1920 मध्ये त्या जगातल्या पहिल्या महिला चार्टर्ड अकाउंटंट झाल्या. वय पंचाहत्तर. त्यांच्या कागदांत एकही त्रुटी नव्हती. असा उशीर पोच मागून किंवा स्पेलिंग जुळवून हटत नाही. त्याला कायदाच बदलावा लागतो.

परदेशी गेलेल्या मराठी घरांत याच कथेची अमेरिकन आवृत्ती ऐकू येते. तिथे सीपीएचा परवाना देशाचा नसतो. पन्नास राज्यं आणि पाच इतर प्रदेश, अशा पंचावन्न ठिकाणी पंचावन्न मंडळं. पुण्याच्या किंवा इंदूरच्या विद्यापीठाची गुणपत्रिका मोहोरबंद पाकिटात थेट तिकडे जावी लागते, तिकडे पदवीचं मूल्यांकन होतं, मग परीक्षा. एक पेपर पास झाला की बाकीचे ठरावीक महिन्यांत काढायचे, नाहीतर पहिला पेपर वाया. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात पाकीट पडून राहिलं तर घड्याळ कोणाचं पळतं हे वेगळं सांगायला नको. 2020 पासून ही परीक्षा भारतातही देता येते, म्हणून विमानभाडं वाचलं. पाकीट आहे तिथेच आहे.

पुन्हा डहीकडे. समजा मुलगी फायनल पास झाली. पास झालं म्हणजे सीए झालं, असं घरच्यांना वाटतं. पेढे वाटून होतात, बाबा शेजाऱ्यांना ‘आमची सीए’ म्हणून ओळख करून देतात. कायद्यानं ती अजून सीए नाही. फॉर्म 2 भरून सदस्य म्हणून नोंद झाली की मग ती नावापुढे ते लावू शकते. आणि स्वतःच्या नावानं ऑडिटवर सही करायची तर सहाव्या कलमाखालचं प्रमाणपत्र वेगळं, त्याचा फॉर्म 6. त्या प्रमाणपत्रावर एक तारीख असते. तिच्या आदल्या दिवशी केलेली सही चालत नाही. टॅक्स ऑडिटची मुदत 30 सप्टेंबर. कुक्षीचा व्यापारी ऑगस्टमध्ये वह्या घेऊन आला आणि प्रमाणपत्राची तारीख ऑक्टोबरची निघाली, तर तो व्यापारी त्या वर्षी दुसरीकडे जातो, आणि एकदा गेलेला व्यापारी परत येईलच असं नाही. म्हणून जाणते लोक सांगतात, निकालाच्या दिवशी पेढ्यांआधी फॉर्म 108 आहे का ते बघा. नोंद झाल्यावरही घड्याळ थांबत नाही: दरवर्षी 1 एप्रिलला फी देय होते, 30 सप्टेंबरपर्यंत भरली नाही तर 1 ऑक्टोबरपासून नाव पटावरून उतरतं आणि ते परत चढवायला फॉर्म 9.

त्यातून फर्मचं नाव. मनाला येईल ते ठेवता येत नाही, स्वतःच्या नावावरूनच बेतावं लागतं, आणि आधीच्या एखाद्या फर्मशी जुळलं तर नामंजूर. फॉर्म 117 वर पर्याय सुचवायचे आणि वाट पाहायची. कुक्षीच्या बसस्थानकामागे एक खोली भाड्यानं घेतलेली आहे, टेबल आलंय, पंखा लागलाय. पेंटर पांढऱ्या पत्र्याला दुसरा हात देऊन बसलाय आणि विचारतोय, ताई, नाव काय लिहू? ती म्हणते, अजून आलं नाही, तू खाली नुसतं ‘चार्टर्ड अकाउंटंट्स’ लिहून ठेव, वर जागा सोड.